दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई: एका नकाराचा प्रकरण अभ्यास

रखमाबाई खटला हरल्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दर २२ नोव्हेंबरला, त्यांच्या जयंतीला, मोबाइलवर जे फिरतं त्यात त्या बहुतेक वेळा जिंकलेल्या असतात. कुठे व्हिक्टोरिया राणीने त्यांचं लग्न मोडून दिलेलं असतं, कुठे त्या कोर्टातून घटस्फोट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री असतात. प्रत्यक्षात घटस्फोट त्यांनी मागितलाच नव्हता. बायकोने नांदायला यावं म्हणून दावा नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, लावला होता, रखमाबाई प्रतिवादी होत्या. ४ मार्च १८८७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध हुकूमनामा दिला आणि तो वरच्या कोर्टात फिरला नाही. पुढच्या वर्षी पैसे मोजून तडजोड झाली आणि बजावणी टळली, एवढंच.

तरी आज दादाजींची बाजू कुणाला धड सांगता येत नाही आणि रखमाबाईंचं म्हणणं शाळकरी पोरालाही समजतं. कोर्टात हरलेलं म्हणणं असं टिकलं कसं, आणि ते मांडताना कुठे कुठे फसलं, हे घटनांच्या क्रमाने पाहण्यासारखं आहे. 'धाडसी' हा शब्द पुतळ्याखालच्या फरशीसाठी राहू द्या. इथे पाहायचं आहे ते काय बोललं गेलं, कुठे, कोणत्या भाषेत, कधी आणि काय किमतीला.

लग्न, माहेर, मालमत्ता

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा, ज्ञाती सुतार. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच गेले. ज्ञातीत विधवेचा पाट लागत असे. आई जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. सखाराम अर्जुन नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, त्यांतले ते एक.

इथे एक रुक्ष तपशील लक्षात ठेवायला हवा. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी, पण लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. म्हणून जयंतीबाईंनी दुसऱ्या लग्नाआधी ती मालमत्ता मुलीच्या नावे करून टाकली. व्यवहार म्हणून अगदी शहाणपणाचा. पण दहा-पंधरा वर्षांनी हाच कागद रखमाबाईंच्या तोंडावर मारला गेला.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लागलं. दादाजी सखाराम अर्जुनांच्या नात्यातले. मुलाने घरजावई म्हणून राहावं, शिकावं आणि मार्गी लागावं, असं ठरलं होतं. शिकणं त्यांना मानवलं नाही आणि ते मामाच्या आश्रयाला गेले. इतक्या लहान वयात गर्भाधान, म्हणजे शरीरसंबंधाची सुरुवात, होऊ द्यायला सखाराम अर्जुनांनी डॉक्टर या नात्याने नकार दिला. त्यामुळे लग्न लागलं, पण नवरा-बायको म्हणून दोघं एकत्र राहिले नाहीत. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून शिकत गेल्या.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून बायको नांदायला पाठवण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही आणि त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. रखमाबाईंचं वय तेव्हा एकोणीस-वीस.

कैफियतीत काय होतं

या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद म्हणजे प्रतिवादीची कैफियत, दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. नांदायला न जाण्याची तिथे तीन कारणं दिली होती. पहिलं, दादाजींना स्वतःच्या आणि बायकोच्या राहण्या-खाण्याची नीट सोय करण्याची ऐपत नाही. दुसरं, त्यांची प्रकृती ठीक नाही, त्यांना दम्याचा वारंवार त्रास आहे आणि क्षयाची लक्षणं दिसतात. तिसरं, ते ज्या माणसाच्या आश्रयाला राहतात त्याचं वर्तन बरं नाही.

'हे लग्न मला विचारून लावलेलं नव्हतं, म्हणून ते मला बांधून ठेवू शकत नाही' हे आज सर्वतोमुखी असलेलं वाक्य त्या तीन कारणांत नाही. यात रखमाबाईंचा कमकुवतपणा शोधणं चुकीचं ठरेल. कैफियतीत तेच लिहायचं असतं जे कायद्याच्या भाषेत बचाव म्हणून उभं राहतं. गरिबी, आजार, घरातलं वातावरण ही कोर्टाला ओळखीची कारणं होती. मुलीच्या संमतीचा अभाव हे कारण हिंदू लग्नाच्या बाबतीत कोर्टाच्या शब्दकोशातच नव्हतं, कारण ते मान्य केलं तर मुंबई इलाख्यातली बहुतेक लग्नं उघड्यावर पडली असती.

म्हणजे एकाच बाईला दोन जिभांनी बोलावं लागत होतं. कोर्टात जे चालेल ते कोर्टात, आणि जे खरं म्हणायचं आहे ते दुसरीकडे कुठेतरी.

दुसरीकडे म्हणजे वर्तमानपत्रात

२६ जून १८८५ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या सहीने एक लांबलचक पत्र आलं. विषय बालविवाह. दुसरं पत्र १९ सप्टेंबरला आलं, विषय सक्तीचं वैधव्य. लिहिणाऱ्या रखमाबाई होत्या हे पुढे उघड झालं. पहिल्या पत्राच्या वेळी सखाराम अर्जुनांना जाऊन दोन-तीन महिनेच झाले होते. एप्रिलमध्येच ते वारले होते. घरातला भक्कम आधार गेल्यावर लिहिलेली ही पत्रं आहेत.

पत्रातली मांडणी पाहिली तर ती रडगाणं गात नाही, तुलना करते. लग्न झालं म्हणून मुलाचं शिक्षण थांबत नाही, मुलीचं थांबतं. बायको मेली तर पुरुष दुसरी करतो, आणि जिवंत असतानाही दुसरी करायची त्याला मुभा आहे. बाईला यांतलं काहीच नाही. एकच विधी, एकच मांडव, आणि परिणाम मात्र दोघांसाठी वेगळे. हा युक्तिवाद खोडायचा तर यांतली एखादी गोष्ट खोटी आहे असं दाखवावं लागतं, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने ती घरीदारी पाहिलेली असते.

टोपणनावाचा फायदा उघड होता. दावा कोर्टात चालू होता. नावाने लिहिलं असतं तर प्रत्येक वाक्य प्रतिवादीचं विधान म्हणून तपासलं गेलं असतं, शिवाय वाचकाने मजकुराऐवजी भांडण वाचलं असतं. 'एक हिंदू स्त्री' म्हटल्यावर ते कुणाच्याही घरातल्या मुलीचं म्हणणं झालं. विधवांवरचं पत्र तर त्यांच्या स्वतःच्या खटल्याशी संबंधितच नव्हतं, म्हणून त्याला वजनही वेगळं आलं.

तोटाही त्यातच होता. मुखवटा गळून पडला की आधीचं सगळं लिखाण मागे जाऊन पुन्हा वाचलं जातं, आणि या वेळी खटल्यातला डाव म्हणून. दुसरं पत्र छापून आलं आणि दोनच दिवसांनी निकाल लागला, हा योगायोग विरोधकांच्या पथ्यावर पडला.

भाषेची निवड मात्र जास्त महागात पडली. पत्रं इंग्रजीत, तीही अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या गोऱ्यांच्या, मालकीच्या पत्रात. त्या वर्तुळात ती झपाट्याने पोचली, संपादकीय पाठिंबाही मिळाला. पण ज्या समाजाला उद्देशून हे होतं त्यातल्या बहुसंख्यांना रखमाबाई कळल्या त्या दुसऱ्यांनी मराठीत सांगितल्या तशा. आपलं म्हणणं आपल्याच माणसांना अनुवादकाकडून कळावं, आणि तो अनुवादक विरोधी गोटातला असावा, यापेक्षा वाईट काय?

पिन्हींचा निकाल, आणि तो टिकला का नाही

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी दावा फेटाळला. 'पुनःस्थापना' या शब्दावरच त्यांनी बोट ठेवलं. जे दांपत्य कधी एकत्र राहिलंच नाही तिथे पुन्हा काय स्थापायचं? अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला मोठेपणी तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या स्वाधीन करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच, इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून तो इथे आला, असंही ते म्हणाले. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा होता. धर्मात ढवळाढवळ होते अशी ओरड पुढे झाली, पण ज्या हत्याराने दादाजी लढत होते तेच मुळात विलायती होतं.

अपिलात मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ च्या एप्रिलमध्ये हा निकाल फिरवला. हिंदू लग्न विधीने पूर्ण होतं, एकत्र राहणं ही त्याची अट नाही, आणि असा दावा भारतातल्या दिवाणी कोर्टात चालतो. १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात तो चालतो असं मानलेलं होतंच. प्रकरण गुणदोषांवर निकाल देण्यासाठी खाली परत पाठवलं गेलं.

वकिली नजरेने पाहिलं तर पिन्हींचा निकाल मोठा होता पण त्याला खांब एकच होता. दावाच चालत नाही असं म्हटल्यावर गरिबी, आजार, मामाचं घर या बचावांवर निर्णय देण्याची गरजच उरली नाही. तो एक खांब अपिलात निघाला आणि खाली टेकायला काही राहिलं नाही. रखमाबाईंच्या बाजूने काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखा धर्मशास्त्र आणि इंग्रजी कायदा दोन्ही कोळून प्यालेला माणूस उभा होता, तरीही. पहिल्याच फटक्यात मिळालेला मोठा विजय कधी कधी असा अंगाशी येतो.

प्रश्न बदलला तो इथे

पिन्हींच्या निकालानंतर जो गदारोळ झाला तो समजून घ्यायला आजूबाजूचं वातावरण पाहावं लागतं. १८८३ साली इल्बर्ट विधेयकावरून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. हिंदी न्यायाधीशाने आपला न्याय करावा हे त्यांना सहन झालं नव्हतं, आणि सरकारने त्यांच्यापुढे माघार घेतली होती. हिंदी लोकांच्या मनातली ती जखम ओली होती. १८८४ च्या ऑगस्टमध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर आपली टिपणं प्रसिद्ध केली. एका पारश्याने हिंदूंना शिकवावं हे आणखी अनेकांना झोंबलं. १८८५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतच राष्ट्रसभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन भरलं. आपण एक राष्ट्र आहोत आणि आपला कारभार आपल्याला कळतो, हे जगाला दाखवायची ती वेळ. नेमक्या त्याच महिन्यांत एक गोरा न्यायाधीश हिंदू लग्नाला रानटी ठरवून गेला होता, आणि अँग्लो-इंडियन पत्रं 'बघा, यांना स्वराज्य हवंय' या सुरात ते उगाळत होती.

मग मूळ प्रश्न मागे पडला. 'या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध पाठवायचं का' याऐवजी 'हिंदूंबद्दल ठरवणार कोण' असा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या प्रश्नाला त्या काळच्या स्वाभिमानी माणसाचं उत्तर ठरलेलंच होतं, आणि ते पहिल्या प्रश्नावर परस्पर चिकटवलं गेलं. पुण्याच्या 'मराठा' आणि 'केसरी'तून टिळकांनी हीच बाजू लावून धरली: सुधारणा व्हायची तर ती समाजातून, शिक्षणाने, हळूहळू व्हावी. परक्यांच्या कोर्टाने आणि कायद्याने नको. मुंबईचं 'नेटिव्ह ओपिनियन'ही विरोधात होतं. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हात घालणार नाही असं वचन होतं, ते पुन्हा पुन्हा पुढे केलं गेलं.

यातला प्रत्येक मुद्दा खोटा होता असं म्हणता येत नाही, हीच अडचण आहे. परकं सरकार आपल्या सोयीने सुधारक होतं आणि सोयीने तटस्थ, ही टीका रास्तच होती. फक्त ती रखमाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर नव्हती. दुभंगलेल्या काळात म्हणणं काय आहे याच्या आधी ते कुणाच्या झोळीत पडतं हे मोजलं जातं, आणि रखमाबाईंचं म्हणणं त्यांची इच्छा असो नसो, गोऱ्यांच्या झोळीत पडत होतं.

बाजू मात्र आज वाटतात तितक्या सरळ आखलेल्या नव्हत्या. 'केसरी'चे संपादक १८८७ च्या ऑक्टोबरपर्यंत गोपाळ गणेश आगरकर होते. सामाजिक प्रश्नांवर त्यांचं आणि टिळकांचं पटत नव्हतं. शेवटी ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. म्हणजे हा वाद पुण्यात एकाच छापखान्याच्या भिंतींच्या आतही चालू होता. उलट रखमाबाईंचे वकील तेलंग यांनी १८८६ मध्येच मुंबईत व्याख्यान देऊन सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणांच्या आधीच व्हायला हवी हा आग्रह चुकीचा आहे, जिथे अडथळा कमी तिथून पुढे जावं, असं मांडलं होतं. रखमाबाईंचा खटला ही तर अडथळा सगळ्यात जास्त असलेली वाट.

आणखी एक तारीख जवळ ठेवून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. सारं पुणं हळहळलं. सहाच दिवसांनी मुंबईत रखमाबाईंविरुद्ध निकाल लागला. शिकलेल्या दोघीच. एक नवऱ्याच्या आग्रहाने शिकली होती, दुसरी नवऱ्याला नको म्हणत होती. पहिलीचं कौतुक करणं सोपं होतं.

सहा महिन्यांचं गणित

न्यायमूर्ती फॅरन यांनी ४ मार्च १८८७ च्या आदेशात रखमाबाईंना एक महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद.

रखमाबाईंचं उत्तर होतं की जास्तीत जास्त जी शिक्षा असेल ती आपण भोगू, पण जाणार नाही. हे वाक्य भावनेच्या भरात आलेलं आहे असं समजून वाचलं की त्यातली ताकद हातून निसटते. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अशा हुकूमनाम्याच्या बजावणीला दोनच मार्ग होते: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा मालमत्तेची जप्ती, किंवा दोन्ही. बेलिफ पाठवून बाईला उचलून नवऱ्याच्या दारात नेऊन सोडा, असा मार्ग संहितेत नव्हता. कोर्ट त्यांना तुरुंगात पाठवू शकत होतं, सासरी पाठवू शकत नव्हतं. म्हणजे प्रतिवादीने किंमत आधीच मान्य केली की कोर्टाच्या हातात दुसरं साधन उरत नव्हतं. दादाजींच्याही हातात बायको येणार नव्हती, येणार होती ती बायकोला तुरुंगात घालणारा नवरा ही कीर्ती.

खरं तर या एका वाक्याने प्रश्न पुन्हा मूळ जागी आणला. हिंदूंचं कोण ठरवणार यावर हजार रकाने लिहिता आले असते, पण 'ही मुलगी नाही म्हणते, तिला कोंडायचं का' याला हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं. कैदेचा मुद्दा पुढे येताच विरोधकांतही चलबिचल झाली. लग्न बंधनकारक आहे असं म्हणणं वेगळं आणि त्यासाठी बाईला तुरुंगात पाठवा असं लिहिणं वेगळं.

पत्रकाला पत्रक, आणि पैसा

निकालानंतर दादाजींनी आपली बाजू मांडणारं पत्रक इंग्रजीत छापलं. त्यात रोख रखमाबाईंवर कमी आणि माहेरच्यांवर जास्त होता. मुलगी नाही म्हणत नाही, तिला पढवणारे दुसरे आहेत, आणि त्यांचा डोळा मालमत्तेवर आहे. बोलविता धनी वेगळा आहे, हे असं अस्त्र आहे की ते कुणाच्याही म्हणण्यावर टाकता येतं, आणि बाईच्या म्हणण्यावर तर हमखास. जयंतीबाईंनी मुलीच्या नावे केलेली मालमत्ता इथे कामाला आली.

रखमाबाईंनी त्याला जून १८८७ च्या अखेरीस 'बॉम्बे गॅझेट'मधून स्वतःच्या नावाने उत्तर दिलं. आता मुखवटा नव्हता. लग्नाच्या वेळी काय ठरलं होतं, दादाजींनी शिक्षण कसं सोडलं, पुढे कसे दिवस काढले, हे सगळं त्यात आलं. उत्तर देणं भाग होतं. गप्प बसणं म्हणजे आरोप मान्य करणं असाच अर्थ निघाला असता. पण त्याची किंमतही दिसते. पहिल्या पत्रांतला मुद्दा सगळ्या मुलींचा होता, या उत्तरातला मुद्दा एका जोडप्याच्या भांडणाचा झाला. समोरच्याच्या यादीप्रमाणे उत्तरं देत गेलं की वाद त्याच्या अंगणात खेळावा लागतो.

दरम्यान एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ, मलबारी आणि इतरांनी रखमाबाई संरक्षण समिती उभी केली. काम साधं होतं, पैसे जमवणं. बोलण्याला खर्च येतो ही बाब अशा प्रकरणांच्या गोष्टींतून नेहमी गळते. दोन कोर्टं झाली होती, पुढची पायरी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची होती, आणि तिथे नेणं एकट्या बाईच्या आवाक्यातलं नव्हतं. समितीत गोरे आणि पारशी होते म्हणून टीका झाली. पण वकिलाचं बिल भागवायला टीकाकारही पुढे आले नव्हते.

एका वाक्याची मागणी

एप्रिल १८८७ मध्ये रखमाबाईंचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं होत होती, ज्युबिलीची तयारी चालली होती. रखमाबाईंनी तो मुहूर्त साधला. मागितलं काय? दया नाही, स्वतःच्या खटल्यात हस्तक्षेपही नाही. हिंदू कायद्याच्या पुस्तकात एवढंच घाला, की मुलगा वीस आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टापुढे आलं तर ते कायदेशीर मानलं जाणार नाही.

हे वाक्य कायद्याच्या अंगाने तपासावं इतकं नेमकं आहे. बालविवाह लावणाऱ्यांना शिक्षा करा असं ते म्हणत नाही, पोलीस घराघरांत पाठवायला सांगत नाही. ज्यांना लग्न लावायचं त्यांनी लावावं, ज्यांना नांदायचं त्यांनी नांदावं. फक्त त्या लग्नाच्या जोरावर कुणी कोर्टात येऊन सक्ती मागू लागला तर कोर्टाने दार उघडू नये. धर्मात सरकारने हात घालू नये म्हणणाऱ्यांना याला विरोध करणं खरं तर अवघड जायला हवं होतं, कारण मागणी सरकारने हात आखडता घ्यावा अशीच होती. दुर्दैवाने ती लंडनला गेली, राणीला उद्देशून गेली, आणि पत्ता पाहूनच लोकांनी पाकीट बाजूला ठेवलं.

तडजोड आणि पुढचं

जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन हुकूमनाम्याची बजावणी न करण्याचं मान्य केलं. प्रिव्ही कौन्सिलचं अपील मग राहिलंच. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. पण यामुळे कायद्याचा प्रश्न वरच्या कोर्टात कधीच तपासला गेला नाही, आणि मागे राहिलेल्या इतर प्रतिवादी बायकांसाठी सार्जंट-बेली यांचा निकाल तसाच कायम राहिला. या तडजोडीबद्दल रखमाबाईंना दोष देणारे तेव्हाही होते. चार वर्षं खटला अंगावर वागवलेल्या तेवीस वर्षांच्या बाईने तत्त्वासाठी आणखी किती वर्षं द्यायची, याचा हिशोब दुसऱ्यांनी करणं सोपं असतं.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठबळाने त्या १८८९ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या, आणि परतल्यावर सुरत आणि राजकोट इथे बायकांच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्य घालवलं.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचं श्रेय अनेकदा थेट या खटल्याला दिलं जातं. वातावरण तापवण्यात खटल्याचा वाटा मोठा होता, नवऱ्याने केलेल्या संभोगात बालवधूचा जीव गेला त्या कलकत्त्याच्या फुलमणी प्रकरणाचाही होता. पण १९ मार्च १८९१ ला मंजूर झालेल्या त्या कायद्याने शरीरसंबंधाचं वय दहावरून बारा केलं. रखमाबाईंची मागणी लग्नाच्या वैधतेची होती. त्या कायद्यातलं एकही कलम त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

वैवाहिक हक्कांच्या हुकूमनाम्यासाठी कैद करण्याची तरतूद १९२३ साली गेली. मुलीच्या लग्नाचं किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा झालं आणि १९४९ च्या दुरुस्तीने पंधरा. रखमाबाईंनी ज्युबिलीच्या वर्षी मागितलेला तो आकडा कायद्यात यायला बासष्ट वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा त्या चौऱ्याऐंशी-पंचाऐंशीच्या होत्या. त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे असं लग्न कोर्टाने मानूच नये, तेव्हाही आला नाही. लावणाऱ्याला शिक्षा होत असे, लग्न मात्र टिकत असे. बालवयात लागलेलं लग्न रद्द करून मागण्याची मुभा सर्व धर्मांच्या मुलामुलींना २००६ च्या कायद्याने मिळाली, तीही सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या मुदतीत.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला. वधूचं वय त्यात पंधराच ठेवलं होतं. घटस्फोटाची सोय त्यात होती, आणि कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावाही होता. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. हुकूमनामा न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत राहिली. पिन्हींनी ज्याला विलायतेतून आणलेला दावा म्हटलं होतं, तो इंग्लंडने १९७० मध्ये आपल्याकडून काढून टाकला.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ ला गेल्या, कलम ९ लागू झाल्यावर चार महिन्यांनी.